मुलं वळणारी कुत्री

प्रिय लेनदादा,

मर्लचा नमस्कार. नवा गुडघा काय म्हणतो? ॲडलेडच्या इस्पितळातलं जेवण अजून तसंच पांचट आहे का? इकडे सगळं क्षेमकुशल (निदान तू येईपर्यंत तरी). पण अरे, काय सांगू तुला, काय आठवडा गेलाय हा!

यंदा आमच्या शाळेत मुलांच्या मनाची काळजी घ्यायचं ठरलंय. त्यासाठी शाळेत एक शांत, गरीब कुत्रं ठेवायचं, म्हणजे घाबरलेलं, रुसलेलं पोर त्याच्या गळ्यात पडून मोकळं होतं. शिकवलेलं कुत्रं देणारे लोक दोन वर्षं थांबा म्हणाले. आता माझी जीभ! ऑफिसात बसल्या बसल्या बोलून गेले, "मी आणते की!" आणि सोमवारी आणली एक कुत्री. (कुठून, ते मागाहून.) मेंढ्या वळणारी आहे, एवढं मात्र हेडमास्तर पॅस्कोंना सांगायचं राहिलं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं मैदानभर पांगली, आणि आमच्या कुत्रीबाईसाहेबांच्या अंगात आलं! दोन मिनिटांत सगळी पोरं सायकलींच्या छपराखाली कोंडलेली, आणि मधोमध तोंडात शिट्टी धरून खेळाचे सर! पॅस्को म्हणाले, "मर्लबाई, मुलं आहेत ही, यांची लोकर काढायची नाहीये. शुक्रवारनंतर ही इथे दिसता कामा नये."

पण दादा, तिच्या लेखी कळप पुरा झालाच नव्हता. पाण्याच्या टाकीमागे आमची विनी एकटी बसते. नऊ वर्षांची पोर, फेब्रुवारीत आली, तेव्हापासून शाळेत तोंडून एक शब्द नाही. आम्ही चित्रं काढायला दिली, बिस्किटं दिली, मी तर नाचूनसुद्धा दाखवलं (हसू नकोस). ही कुत्री गेली आणि तिच्यापासून दहा हातांवर पोट टेकून बसली. भुंकणं नाही, ओढणं नाही, नुसती नजर. दुसऱ्या दिवशी पाच हातांवर. बुधवारी अगदी शेजारी. आणि गुरुवारी टाकीमागून विनी स्वतः चालत आली, मागून ही तिच्या पोटरीला नाकानं ढुशा देतेय, थेट चेंडू खेळायला उभ्या पोरांच्या रांगेपर्यंत! रांगेत उभं राहून पोरगी खणखणीत ओरडली, "ढकलू नकोस ना, डॉट!"

पॅस्को भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ चष्मा पुसत होते, आणि शुक्रवारचं आता नावही काढत नाहीत. मी तर पोरांच्या जेवणाच्या पिशव्यांवरच रडले. इतका आनंद झाला रे!

तुझी,
मर्ल

ता. क. नाव वाचून ताडकन उठू नकोस, गुडघा सांभाळ. हो, तुझीच डॉट. "अंगणाबाहेर सोडू नकोस" असं तू तीनदा बजावलं होतंस, मला चांगलं आठवतंय.

ता. क. २. लोकर कातरायचे दिवस तोंडावर आलेत, तेही ठाऊक आहे. पण तुझ्याकडे आणखी दोन कुत्री आहेत. काल विनीनं मला विचारलं, "सोमवारी येणार ना ती?" मी हो म्हणून बसलेय. सोबत शाळेचा फॉर्म आहे, त्यावर मालकाची सही हवी. सहीच्या जागी विनीनं पेन्सिलीनं फुली मारून ठेवलीय, तुला शोधत बसायला नको म्हणून.