हाताला न लागणारी घडी

प्रिय मार्डेल,

तुझी आई म्हणाली, मर्लकाकाचं पोस्टर डॅलसला तुझ्या टेबलावर पोचलंय आणि ते अस्सल की नक्कल, हे या आठवड्यात तुला सही करून सांगायचंय. चाळीस वर्षांपूर्वीचं पोस्टर, एकही घडी नाही, नळीत गुंडाळून ठेवलेलं. इकडे नेब्रास्कात बर्फ हलायचं नाव घेत नाही. माझे गुडघे कुरकुरतात, मी त्यांच्यावर कुरकुरतो आणि तुझी आई आम्हा तिघांवर.

मर्लच्या पोस्टरवरून मला आपल्या थिएटरच्या दारातलं आठवलं, मी जत्रेत हौसेनं घेतलेलं. खरं तर फिल्मच्या डब्यांबरोबर जन्मभर माझ्याकडे पोस्टरं आली ती घडी घालून, पाकिटात. आपल्यासारख्या गावाला गुंडाळलेलं पोस्टर कोण पाठवणार? ती पाकिटं मी याच हातांनी उलगडली आणि तरी जत्रेतल्या त्या गुळगुळीत कागदावर भाळलो. शिवाय येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो, "घड्या कशा दाबून काढल्यात बघा, नुसती रेघ उरलीय."

तू तेव्हा नुकतीच या पोस्टरं पारखायच्या धंद्यात शिरली होतीस. नाताळला आलीस तेव्हा मर्ल आणि त्याची बायको लोरेनही जेवायला होते आणि मीच मोठ्या ऐटीत पोस्टर तुझ्यापुढे पसरलं. तू ते पालथं केलंस, परत उताणं केलंस आणि डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलंस. "डॅडी, घडी दिसते, पण हाताला लागत नाही. ती छापलेली आहे." खऱ्या घडीवर शाई उडते, दोन घड्या मिळतात तिथे कागद विरतो. इथे कुणीतरी घडी घातलेल्या पोस्टरचा फोटो काढून तो घडीसकट नव्या कागदावर उतरवला होता.

मर्ल पोट धरून हसला. "ऑर्विल, पोरीनं बापाचीच हजेरी घेतली की रे." आई तुला म्हणाली, "सणासुदीला तरी गप्प बसायचंस." तू बटाटे वाढून घेत म्हणालीस, "त्यांनी विचारलं. नसतं विचारलं तर मी मुकाट्यानं जेवले असते." मला तुझा असा राग आला होता की त्या दिवशी मी तुझ्याशी धड बोललोही नाही.

आणि मग काय झालं ठाऊक आहे? पुढच्याच आठवड्यात न्हाव्याच्या खुर्चीत बसलो आणि हीच गोष्ट त्याला रंगवून सांगितली. मग चर्चमधल्या पास्टरला सांगितली. कॉफीच्या दुकानातली ती बाई आता मला बघितलं की म्हणते, "ते पोस्टरचं सोडून दुसरं काही असेल तर बोला." माझी मुलगी सख्ख्या बापाची भीड धरत नाही, याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा थिएटरचाही कधी नव्हता. हे तुला तोंडावर सांगायला मला जमलं नसतं, म्हणून कागदावर सांगतो.

आता हे पत्र कुणी लिहायला लावलं, तेही सांगतो. रविवारी मर्ल आला होता. त्याचं थिएटर पाडलं, आता ते एवढं एक पोस्टर उरलंय आणि त्याचा सगळा जीव त्यात आहे. म्हणाला, "पोरीला चार ओळी लिही. तुझा शब्द ती मोडायची नाही." मी म्हटलं, लिहितो. तर या लिहिल्या. माझा शब्द तू त्या नाताळातच मोडलास, म्हणून तर आज तुझ्या शब्दाला वजन आहे. तेव्हा कागदाला हात लावून जे कळेल तेच लिही. अस्सल असो, नक्कल असो, मर्लला जाऊन मी सांगेन. तो चिडेल, दार आपटेल आणि बर्फ वितळलं की मासे धरायला माझ्याच होडीत येऊन बसेल. मैत्री एवढं सोसते. तुझ्या सहीला ते सोसणार नाही.

तुझाच,
डॅडी