मालन माहेरी गेली

डोंबिवली, ३ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप सगुणामावशीस,
कृतिकाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कमलेशदादाच्या मोबाइलवर मेसेज टाकला की आधी तोच वाचतो, म्हणून पत्र. आपल्या त्या इंग्रजी ‘धुक्याचा गड’ची नवी मालिका येतेय. गोष्ट आधीची आहे, राणी मालवेना, म्हणजे तुझी मालन, लहान असतानाची. आमच्या ग्रुपवर नुसती धाकधूक आहे. नव्या नटीला मालवेनाचा करारीपणा झेपेल का, लढाया सोडून लग्नंच दाखवतील का. दहा वर्षं वाट बघून त्यांनी माती केली तर? माझी मैत्रीण संचिता म्हणते, न बघितलेली बरी. तूही बघू नकोस. डोळ्यांना त्रास होईल.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी कृतिका

कळवा, ७ नोव्हेंबर

चि. कृतिकास,
मावशीचे अ. उ. आ.

डोळ्यांचं ऑपरेशन तूच करून आणलंस, मग त्रास कसला? कमलेश म्हणतो, या वेळी खाली मराठीत लिहून येणार. म्हणजे तू कानाशी बसून सांगायला नसलीस तरी माझी मालन मला वाचता येईल. शेजारच्या नंदालाही बोलावलंय. एकविसला, शुक्रवारी पहिला भाग आहे. बोंबलाचं कालवण करते, तूही ये. आणि काय लपवतेयस ते लिही.

लोभ ठेव, उत्तर लवकर धाड.
मावशी

डोंबिवली, ११ नोव्हेंबर

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न.

मालन माहेरी गेली, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. त्या भागात ती मेली. आई जाऊन तेव्हा महिनाच झाला होता. तू जेवत नव्हतीस, फक्त मालिकेपुरती उठून बसायचीस. जिची बहीण नुकतीच गेलीय, तिला आणखी कुणी मेलं असं कसं सांगू? मी आठवीत होते, मला माहेरच सुचलं. मग दर भागाला तू विचारायचीस, मालन आली का गं माहेरून, आणि मी म्हणायचे, अजून नाही. नवी मालिका तिच्या चितेपासूनच सुरू होते आणि मग मागे, लहानपणात जाते. ते वाचल्यावर तू माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाहीस, याची मला फार भीती वाटते.

लोभ असावा. राग आलाच तर तोही पत्रातूनच कळव.
कृतिका

कळवा, १५ नोव्हेंबर

चि. कृतिकास,
अ. उ. आ.

अगं वेडे, माहेरी निघालेली बाई हातात पिशवी घेतल्याशिवाय जाते का? मालनला तर चौघांनी उचलून नेलं. मला ऐकायला कमी येतं, दिसत होतं की. तू सांगत होतीस आणि तुझी हनुवटी थरथरत होती. त्या महिन्यात तू आईसाठी एकदाही रडली नव्हतीस. म्हटलं, पोरीला माहेरी म्हणायचंय तर म्हणू दे. दर भागाला विचारायचे ते तुझ्यासाठी. ‘अजून नाही’ म्हणताना तुझा जीव जरा थाऱ्यावर यायचा.

आता गोष्ट मालनच्या लहानपणीची, म्हणजे तिच्या माहेरचीच ना? मग तू खोटं कुठे बोललीस? शुक्रवारी लवकर ये. चितेचा भाग दोघीच बघू, नंदाला मागून बोलावते. तुझी आई आमच्या माहेरी, मिठागराच्या बांधावर, कशी हुंदडायची ते मी तुला कधी सांगितलंच नाही. सांगताना मीच रडेन, याची भीती होती. या वेळी तू बस, मी कानाशी बसून सांगते.

लोभ आहे तो आहेच. येताना नंदासाठी पान आण.
तुझी मावशी