विचारणारा डब्बा

रविवार, ६ एप्रिल
ऑफिसातल्या रहमानने पुन्हा घोळ घातलाच. साइटवर कुठल्या कामाला किती माणसं लागणार, ती शीट दुपारभर भरली आणि सेव्ह न करता बंद केली. गिरीश सरांनी केबिनमध्ये बोलावलं मला — "शशिकला मॅडम, डॉक्युमेंट कंट्रोलर तुम्ही आहात ना?" आहे. म्हणून काय लोकांचा माउस धरून बसू?

मंगळवार, ८ एप्रिल
शीटमध्ये मॅक्रो लिहिला, आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम. फाईल बंद करायला गेलं की चौकट येते — सेव्ह करायचं का? कुठल्या नावाने? उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. रहमान कुरकुरला, "मॅडम, ये डब्बा हर बार क्यों पूछता है?" विचारतोय तर विचारू दे की!

"नाही"चं बटण मुद्दाम ठेवलंय. इथे सगळ्यांना एक खोड आहे — मंजूर झालेलीच शीट उघडायची, आकडे बदलून बघायचे आणि बंद करताना "नाही" दाबायचं. त्यांचं खोडरबर तेच. गिरीश सरही त्यातलेच.

शुक्रवार, ११ एप्रिल
श्यामने पोहे खाता खाता सांगितलं. जूनपासून लेक नुपूर आणि मी नाशिकला, तो इथेच. त्याच्या कंपनीने घरभाडं बंद केलंय, दोहात मदिनत खलीफातलं हे घर परवडणार नाही, तो कुणाबरोबर तरी खोलीत राहील. शाळेत प्रवेशसुद्धा घेऊन झालाय! सासूबाईंना माहीत, माझ्या भावाला माहीत. मी नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे माझी नोकरीही खलास.

"मला विचारायचंस तरी," म्हटलं.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

उत्तर माहीत होतं म्हणून प्रश्नच नाही विचारला. संताप संताप झाला. नुपूर उठली, खोलीत गेली, दार लावून घेतलं. बिचारी. दोहातच वाढलेली पोर.

शनिवार, १२ एप्रिल
दिवसभर श्यामशी बोलले नाही. त्याच्या लक्षातही आलं नाही.

रविवार, १३ एप्रिल
गिरीश सर म्हणाले, "तो बॉक्स काढून टाका, लोक वैतागलेत. आपोआप सेव्ह होऊ दे. विचारायचंच कशाला?" मी सांगितलं, सर, लोक नुसतं करून बघतात, तेही सेव्ह होईल, आधीचं पुसलं जाईल. "मॅडम, यल्ला, चला, काढा."

घरी तेच, ऑफिसात तेच. काढला. रागारागाने काढला, पण नीट काढला.

सोमवार, २१ एप्रिल
झालं! गिरीश सरांनीच मंजूर शीटमध्ये माणसं निम्मी करून बघितली आणि सवयीने बंद केली. शीट निमूट सेव्ह झाली, तशीच क्लायंटकडे गेली. क्लायंट म्हणतो, निम्म्या माणसांत भागतंय ना, मग तसंच करा. सर माझ्या टेबलापाशी — "मला विचारलं का नाही त्या बॉक्सने?" इतकं हसू आलं की बाथरूममध्ये पळावं लागलं. तिथे मात्र रडले.

नंतर आवाज खाली. डब्बा परत बसवा, सगळ्या फाइलींना बसवा, तुम्ही जूनमध्ये जाऊ नका मॅडम. (जूनचं त्यांना मागच्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं.) म्हटलं, मग कंपनीचा व्हिसा द्या, माझ्या नावाचा. आणि घरभाडं. "बघू, इन्शाल्ला." इन्शाल्ला नको सर, लेखी द्या. हे मी बोलले!

बुधवार, ३० एप्रिल
लेखी आलं. सही केली. श्यामला विचारलं नाही — विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. नाशिकच्या शाळेला मीच फोन करून प्रवेश रद्द केला, मग त्याला सांगितलं. तो ताट तसंच ठेवून उठला. उठू दे. बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

गुरुवार, १ मे
नुपूरला सांगायला तिच्या खोलीत गेले — आपण इथेच राहतोय, बाळा. वाटलं, गळ्यात पडेल. तिची पुस्तकं खोक्यात भरून, चिकटपट्टी लावून तयार होती.

"आय वॉन्टेड टू गो, आई," म्हणाली. "यू डिडन्ट आस्क मी आयदर."