उत्तर न आल्यास नकार

सोमवार, ३ मार्च

कलम चौदा मीच घालून घेतलं होतं. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे नंतर दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येणार नाही.

आज औषध कंपनीचं पत्र आलं. भरती बघणाऱ्या बाईंचं. आमच्या धाकटीनं त्यांच्याकडे नोकरीसाठी अर्ज केलाय! त्यांच्या प्रयोगशाळेतले सगळे वजनकाटे सांभाळायचे, कायमची जागा. त्यांना ती हवी आहे. पण त्यांचे काटे तपासून देण्याच्या आमच्या करारात चौदावं कलम आहे – करार चालू असेपर्यंत आमचा माणूस त्यांनी आमच्या लेखी संमतीशिवाय नोकरीवर घ्यायचा नाही. तर संमती आहे का? सात दिवसांत कळवावं. उत्तर न आल्यास नकार समजण्यात येईल.

म्हणजे मी नुसती हातावर हात ठेवून बसले तरी काम फत्ते.

धाकटी समोरच्याच टेबलावर बसून वजनं पुसत होती. मी पत्राची घडी करून पर्समध्ये कोंबली.

“कुणाचं हो ताई?”

“कंपनीचं. नेहमीचंच.”

नेहमीचंच!


मंगळवार, ४ मार्च

ती कामाला आली तेव्हा आम्ही पाच जणं होतो. त्यात सर्वांत लहान ती, म्हणून धाकटी. एक जण निवृत्त झाला, एकानं स्वतःचं दुकान थाटलं, एकाला दुसऱ्या कंपनीनं पळवलं. आता दोघीच उरलो. ती चौतीसची झाली, तिची मुलगी चौथीत गेली, तरी धाकटी ती धाकटीच. दादा म्हणतो, “एक थोरली, एक धाकटी – झाला कारखाना!”

दादा माझा थोरला भाऊ. कोर्टात टंकलेखक होता. वहिनी गेल्यापासून माझ्याकडेच असतो. आमचा करार त्यानं लिहून दिला – तो माणूस पळवला गेला त्याच वर्षी. मी चिडले होते. म्हटलं, दादा, असं काहीतरी घाल की पुन्हा कुणाची हिंमत होता कामा नये. त्यानं घातलं. तेव्हा मी त्याला नवीन चष्मा घेऊन दिला होता.

संध्याकाळी जेवताना त्याला पत्र दाखवलं. दोनदा वाचलं. एक स्वल्पविराम चुकलाय म्हणाला. मग म्हणाला, “मग अडलंय कुठे? कागद बोलतोय ना? तू कशाला तोंड उघडतेस?”


बुधवार, ५ मार्च

काही केलं नाही.


गुरुवार, ६ मार्च

कुणाला सांगितलेलं नाही ते इथे सांगते. उजवा हात थरथरतो. आधी फक्त कप धरताना, आता चिमटा धरतानाही. डिसेंबरात डॉक्टरांकडे गेले होते. म्हणाले, “वयानं होतं काही जणांना. गोळ्या देतो. सुईत दोरा ओवण्यासारखी कामं मात्र टाळा.” मला हसूच आलं. सुई आमच्या कामापुढे मुसळ!

आमचं काम काय – औषधं मोजायच्या काट्यांचं खरं-खोटं करणं. काचेच्या पेटीतला काटा. आपलं खात्रीचं वजन त्यावर ठेवायचं आणि तो काय सांगतो ते लिहायचं. एकच वजन दहा वेळा. बोट लावायचं नाही, बोटाचं तेलसुद्धा काट्याला कळतं. श्वासही बेतानं. सगळ्यात लहान वजन म्हणजे पातळ पत्र्याचा कपटा, चिमट्यानं कोपऱ्याला धरून उचलायचा. आकडा आला की खाली माझी सही. त्या सहीवर कुणाच्या तरी गोळीत किती औषध जाणार ते ठरतं.

डिसेंबरपासून वजनं धाकटी उचलते, मी लिहिते. तिनं कधी विचारलं नाही. नुसता चिमटा स्वतःकडे ओढून घेतला एक दिवस, तेवढंच.

आणि नववं कलम सांगतं – तपासणीला दोन माणसं हवीत. एक वजनं ठेवणारा, एक नोंदी करणारा. त्यातला एक सोडून गेला तर तीस दिवसांत दुसरा आणायचा. नाही आणला तर करार रद्द.

नऊ आणि चौदा शेजारी शेजारी ठेवून बघितली. चौदानं तिला बांधून ठेवता येतं. सोडलं तर नऊ मला बुडवतं. लिहिताना दोन्ही एकमेकांकडे बघतायत हे दादालाही कळलं नसेल.


शुक्रवार, ७ मार्च

आज तिनं विचारलं.

पेट्या आवरत होतो. पाठ माझ्याकडे करून म्हणाली, “ताई, कंपनीकडून माझ्याबद्दल काही आलं का हो?”

“तुझ्याबद्दल? नाही गं. का?”

“काही नाही. असंच.”

इतकं सहज निघालं तोंडातून! जीभ जराही अडखळली नाही. हात थरथरतो, जीभ नाही.


शनिवार, ८ मार्च

तिच्या बाजूनं विचार करून पाहिला. कायमची नोकरी. आजारपणाची रजा. पाचला सुट्टी. माझ्याकडे काय? मी. आणि मी एकोणसाठची.

माझ्या बाजूनंही करून पाहिला. अठ्ठावीस वर्षं. खुर्चीपासून वजनांच्या मखमली पेटीपर्यंत सगळं एकटीनं जमवलेलं. बाबा म्हणायचे, पोरीनं काटे दुरुस्त करायचे म्हणजे काय! पोरीनं करून दाखवले.

दोन्ही बाजू खऱ्या. आमच्या धंद्यात असं कधी होत नाही. काटा एका बाजूला तरी झुकतोच.


रविवार, ९ मार्च

दादाशी वाजलं. म्हणजे आमच्या पद्धतीनं – दोघंही भाजी निवडत, आवाज न चढवता.

म्हटलं, “मी संमती देणार आहे.”

“मग नववं उभं राहील.”

“राहू दे.”

“मी ते कलम इतकं घट्ट बांधलं होतं,” म्हणाला, “सुरीचं पातं जाणार नाही असं. आणि आता तूच–”

“तूच लिहिलंयस ना, ‘लेखी संमतीशिवाय’? मग संमती देता येते. ही तर पळवाट तूच ठेवलीस.”

जरा वेळ शेंगा मोडत बसला. मग म्हणाला, “पळवाट नव्हे. दार आहे ते. बिनदाराची खोली मी कधी टाइप केली नाही.”

आणि स्वतःच मसुदा लिहायला बसला. पाच ओळींसाठी पाऊण तास!


सोमवार, १० मार्च

शेवटचा दिवस. पत्र स्वतः नेऊन दिलं. भरतीच्या बाईंनी शिक्का मारून प्रत दिली, म्हणाल्या, “अगदी काठावर आलात.” मी म्हटलं, “काठावरच राहते मी.”

परत आल्यावर धाकटीला समोर बसवलं.

“कंपनीचं पत्र गेल्या सोमवारीच आलं होतं. तू विचारलंस तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले.”

“माहितीये.”

“माहितीये?”

“तुमच्या पर्समधून डोकं बाहेर काढून बसलं होतं ते, कंपनीच्या नावासकट. तीन दिवस.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमचं कलम होतं, ताई. गाठ तुम्ही मारलेली, तुम्हीच सोडवायची.” आणि मग, “पण मी मनातल्या मनात तुम्हाला खूप शिव्या दिल्या हं.”

“किती?”

“मोजल्या नाहीत.”

दोघीही हसलो. मग ती रडली. मी नाही रडले. मी चहा केला. चहा बशीत सांडला, तो तिनं पुसला आणि माझ्या हाताकडे बघितलंच नाही. ते न बघणं मला दिसलं.


मंगळवार, १ एप्रिल

आज ती तिकडे रुजू झाली. टेबलावर तिची खुर्ची तशीच. सकाळी सवयीनं म्हणून गेले, “खिडकी लाव गं, वारा येतोय.” मग उठून स्वतः लावली.


शनिवार, ५ एप्रिल

माणूस मिळत नाही. दोघं येऊन गेले. एकानं वजन बोटानं उचललं – तिथेच नमस्कार! दुसऱ्याला काम आवडलं, पण एवढं गप्प बसायला जमणार नाही म्हणाला.

दादा पेपरच्या आडून म्हणाला, “नोंदी करणाऱ्याला काय यावं लागतं?”

“नीट अक्षर. आणि सांगितलेला आकडा तसाच लिहिणं.”

“बत्तीस वर्षं दुसरं काय केलं मी?”


सोमवार, १४ एप्रिल

दादाचं शिक्षण चालू. अडुसष्टाव्या वर्षी हातमोजे घालून बसतो, जणू लग्नात नवरदेव. प्रत्येक आकड्यानंतर पूर्णविराम देतो. नको म्हटलं तर म्हणतो, “वाक्य उघडं ठेवायचं नाही.” कंपनीला त्याचं नाव कळवलं. त्यांनी मान्य केलं. नववं कलम शांत.

दादा लिहिणार. म्हणजे वजनं मी उचलणार.

गोळ्या नियमित घेतेय. सकाळी दहाच्या सुमारास हात बरा असतो. घरी चिमट्यानं तांदळाचे दाणे उचलून बघते. काल वीसपैकी सतरा. आज पंधरा.

दादाला सांगायला हवं. सांगेन.


गुरुवार, २४ एप्रिल

दादाला सांगितलं नाही. आधी ते लिहिते. आता आजचं.

कंपनीतली तपासणी. कंपनीच्या बाजूनं हजर राहायला धाकटी! पांढरा कोट, केस टोपीत, गळ्यात ओळखपत्र. “या ताई, या दादा.” मला पाणी दिलं. मग तिची हद्द जिथं संपते तिथं जाऊन उभी राहिली, माझ्या मागे, भिंतीला लागून. कामात तोंड घालायचं नाही, हे तिला मीच शिकवलंय.

मोठी वजनं झाली. मधली झाली. दादा पूर्णविराम देत होता. मग शेवटचा कपटा. दहा वेळा ठेवायचा, दहा वेळा उचलायचा.

सात जमली. आठव्याला चिमटा थाळीच्या कडेला लागला. आकडा पळाला. थांबले. पुन्हा. पुन्हा लागला. दादा पेन धरून वाट बघत होता, त्याच्या बाजूनं आकडे दिसत नाहीत. बाहेर कुठलंतरी यंत्र घुमत होतं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

मी काटा बघितला नाही. आकडा सांगितला – यायला हवा होता तो. दादानं लिहिला. नवव्याला तसंच. दहाव्याला शेवटचा अंक एकानं बदलून सांगितला, खरा वाटावा म्हणून.

एवढं सुचलं मला! शेवटचा अंक बदलायचं सुचलं!

सही केली. सही मात्र सरळ आली.

धाकटी माझ्या मागेच होती. आकडे तिच्यासमोर लखलखीत. दारापर्यंत सोडायला आली, दादाची पेटी उचलून दिली. म्हणाली, “ताई, जपून जा.”

गाडीत दादा खुशीत. “पास झालो का मी?” मी म्हटलं, “तू झालास.”


शुक्रवार, २५ एप्रिल

आज दिवसभरात हाताला एकदाही कंप नाही. आज!

जेवणानंतर दादाला सगळं सांगितलं. हात, डिसेंबर, तीन आकडे. तो ओरडला नाही. नोंदवहीतलं ते पान काढून बघत बसला. म्हणाला, “अक्षर माझं आहे यात.” एवढंच. मग भांडी घासायला गेला, माझी पाळी असून.

वाट बघतेय. ती वर कळवणार. कळवायलाच हवं. मी तिच्या जागी असते तर कालच कळवलं असतं.


शनिवार, २६ एप्रिल

कंपनीची पावती आली. शेरा: ‘तपासणी समाधानकारक. मी स्वतः उपस्थित राहून पाहिली.’ खाली धाकटीची सही.

अकरा वर्षांत तिच्या हातून एक खोटा आकडा गेला नव्हता.

कलम सतरा: दोहोंपैकी कुणीही तीस दिवसांची लेखी सूचना देऊन करार संपवू शकतो. सूचना समोरच्याच्या प्रतिनिधीच्या नावे द्यायची – म्हणजे तिच्याच. दादा टाइप करून देतो म्हणाला. नको म्हटलं. हातानं लिहिली. काटा पुन्हा तपासून घे, ही पावती फाडून टाक, तेही लिहिलं.

कारण देणं बंधनकारक नाही, असं कलमात आहे. मी दिलं.