उरलेली दोन हाडं

तीर्थरूप अण्णांना, दूरच्या लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

संग्रहालयातल्या देवमाशाचा सांगाडा जोडून झाला. पोटाखाली दोन छोटी हाडं तारेने टांगली आणि पाटी लावली: 'याचे पूर्वज जमिनीवर चालायचे. ही त्यांच्या कमरेच्या हाडांची खूण.' झालं! काही जण खवळले. म्हणे, देवाने प्रत्येक प्राणी आज दिसतो तसाच घडवला. साहेब म्हणाले, "एवढी दोन हाडं उतरवा, कटकट मिटेल."

तुमचंही मत त्या खवळलेल्यांसारखंच, ठाऊक आहे मला. पण शिलाई मशीन दुरुस्त करताना एखादा स्क्रू उरला, तर तुम्ही तो कधी खिशात टाकला नाहीत. अख्खं मशीन पुन्हा उघडायचात, चहा गार होईपर्यंत. मग मी ही हाडं कशी लपवू? आणि देवमासा देवानेच घडवला असेल, तर हाडंही त्यानेच ठेवली ना?

नोकरीचं काय ते बघू. आईला एवढ्यात काही बोलू नका.

हाडं जागेवरच आहेत. शिडी मी कुलपात घातलीय, किल्ली माझ्या कमरेला आहे.

तुमचाच हट्टीपणा घेतलेली,
धाकटी