अमोनियाचा हंगाम

२ सप्टेंबर १९७८

पोचलो एकदाचे! दिवसभर मोटारीत बसून पाठीचं लाकूड झालंय. मिलवॉकीच्या दुकानात मी बुटांच्या काउंटरवर होते, तिथल्या मुलींनी निरोपाला ही वही दिली. आयोवात मक्याशिवाय बोलायला कोणी नसतं म्हणे, तेव्हा वहीशी बोल, आर्डिस.

सासरे, हालवोर ट्वेट, अंगणातच उभे होते. टोपी काढून त्यांनी आधी माझ्या उंच टाचांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, कॉफी तयार आहे. मग म्हणाले, हे बूट चिखलात राहतील आणि तू अनवाणी घरी येशील. डेल्मरने मला आधीच सांगून ठेवलं होतं, की बाबा पहिल्या दिवशी दोन वाक्यं बोलले तर समज तू पसंत पडलीस. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली, पण त्यांचा एप्रन अजून दारामागे आहे. मी तो काढला नाही, शेजारी माझा अडकवला. बाबांनी पाहिलं, आणि जेवताना बटाट्याचं भांडं आधी माझ्यापुढे सरकवलं.

डेल्मर खाली शिट्टी वाजवत गुरांच्या हौदात पाणी सोडतोय. मला हा माणूस फार आवडतो. लग्नाला आठच दिवस झालेत, तेव्हा असं लिहायला हरकत नाही.

२४ सप्टेंबर

चर्चच्या तळघरात कॉफी. सगळ्या बायका नॉर्वेवाल्यांच्या सुना नाहीतर लेकी. एक जण हसत म्हणाली, आमच्यात मिसळायला तुला वीस वर्षं लागतील, कॉफी मात्र आजपासून मिळेल. शेजारच्या ओपलने लेफ्से लाटायला शिकवलं, बटाट्याची पातळ पोळी असते ती. माझी प्रत्येक फाटली. डेल्मरने एकेक उचलून बाबांना दाखवली, हे बघा नकाशातलं हिचं विस्कॉन्सिन, हे बघा तिथलं सरोवर, आणि सगळ्या खाऊन टाकल्या.

१४ ऑक्टोबर

मक्याची काढणी जोरात. धान्याचा ट्रक मी चालवते! मागे घेताना टपालपेटी पाडली. बाबा बराच वेळ पडलेल्या पेटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, बरं झालं, बिलं तरी यायची नाहीत. डेल्मरने सांगितलं, बाबांनी विनोद करायची ही या वर्षातली पहिलीच वेळ.

४ नोव्हेंबर

काढणी उरकली. जमीन गार झाली की पुढच्या मक्यासाठी खत म्हणून आत्ताच जमिनीत अमोनिया घालून ठेवतात. सोसायटीतून चाकांवरच्या पांढऱ्या टाक्या येतात. त्यात तो दाबाखाली पाण्यासारखा असतो, बाहेर पडला की वायू. ट्रॅक्टरमागचे फाळ जमीन चिरत जातात आणि त्यांच्या मागच्या नळ्या तो खाली सोडतात. वास एकदा नाकात गेला, तर वाटलं कोणी नाकात खिळा ठोकला.

आज डेल्मरने गळ्यातला रुमाल सोडून माझ्या डोळ्यांवर बांधला आणि मला शेतात उभं केलं.

"समज, नळी फुटली. कुठे पळशील?"

"तुझ्याकडे."

"चूक. मीसुद्धा त्यातच असेन. गालाला वारा कुठून लागतोय?"

"उजवीकडून."

"मग उजवीकडे. वाऱ्याच्या तोंडावर पळायचं, वाऱ्याबरोबर नाही. आणि मग?"

"मग तुला शिव्या द्यायच्या."

"मग पाणी, बाईसाहेब! आधी पाणी, मग डॉक्टर, मग शिव्या."

मला हसू आवरेना. तो मात्र हसला नाही. म्हणाला, हा वायू ओल शोधत फिरतो. माणसाची ओल कुठे? डोळ्यांत, घशात, काखेत. तिथेच तो जाऊन बसतो आणि जाळतो. डोळे गपकन मिटतात, तरी बोटांनी पापण्या ताणून धुवायचं, निदान पंधरा मिनिटं, माणूस कितीही किंचाळू दे. कपडा गोठून कातडीला चिकटला तर ओढायचा नाही, पाणीच ओतत राहायचं. म्हणून प्रत्येक टाकीवर पाण्याचा एक डबा असतो, आणि त्याच्या स्वतःच्या खिशात पिचकारीची बाटली. हवेची भोकं नसलेला, डोळ्यांना घट्ट बसणारा चष्मा, लांब हातमोजे, आणि नळीच्या तोंडासमोर कधी उभं राहायचं नाही.

मी तीनदा चुकले, चौथ्यांदा आंधळीच बरोबर पाण्याच्या डब्यापर्यंत पोचले. त्याने रुमाल सोडला आणि माझ्या दोन्ही पापण्यांवर ओठ टेकले. ट्रॅक्टरवरून बाबांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी लाजून लाल.

११ नोव्हेंबर

फाळामागून समुद्रपक्ष्यांचे थवे चालतात, किडे खायला. समुद्र इथून हजार मैल, हे कुठून येतात कोण जाणे. आज टाकी बदलताना सांध्यातून थोडा वायू सुटला. पांढरा, एखाद्या मेंढीएवढा. वर गेला नाही. जमिनीला पोट लावून सरपटत उताराकडे, ओढ्याच्या दिशेने निघाला. एक पक्षी त्यातून उडाला आणि पलीकडे दगडासारखा पडला. मी जवळ गेले तर चोच उघडी, डोळे दुधासारखे.

डेल्मरला म्हटलं, मला नाही आवडत हे. तो म्हणाला, मलाही नाही, दोन दिवसांचं काम राहिलंय.

थंडी वाढली. नळ फुटू नयेत म्हणून बाबा संध्याकाळी सगळीकडचं पाणी काढून टाकत फिरतात.

२८ नोव्हेंबर, इस्पितळ

डोळ्यांवर पट्ट्या आहेत. घसा भाजलाय म्हणून बोलायला बंदी. सिस्टर बर्निसने ही वही घरून मागवून घेतली आणि पुठ्ठ्याची एक पट्टी दिली. ती खाली सरकवत लिहायचं, म्हणजे ओळीवर ओळ चढत नाही. तारीख तिनेच सांगितली.

त्या बुधवारी, पंधरा तारखेला, मी जेवण घेऊन शेतावर गेले. डेल्मर नवी टाकी जोडत होता. माझ्या हातात कॉफीचा थर्मास होता. मी त्याला हाक मारली, त्याने मान वर केली, आणि नळी सांध्याजवळून फाटली.

नंतर सगळं पांढरं. मग काहीच नाही. तोंडात विस्तव. मी पळाले, कुठे ते ठाऊक नाही, सगळं विसरले. त्याने मला धरलं. खिशातली बाटली माझ्या डोळ्यांत रिकामी केली. मग टाकीवरच्या डब्याचं झाकण वाजल्याचं ऐकलं, आणि त्याचा आवाज. "बाबा!" एवढंच म्हणाला. डबा कोरडा होता.

पाणी फक्त ओढ्याला, आणि ओढा उतारावर. वारा तिकडेच जात होता, वायूही तिकडेच. त्याने मला खांद्यावर टाकलं आणि त्यातूनच तो खाली धावला. त्याचा रुमाल माझ्या तोंडावर दाबलेला. बर्फाचा पापुद्रा फुटल्याचं ऐकू आलं. मग पाणी. बोटांनी पापण्या ताणून तो पाणी ओतत होता, मी त्याला ओरबाडत होते. तो सारखं खोकत होता. खोकत खोकत माझ्यावर पाणी ओतत होता. पुढचं आठवत नाही.

सिस्टर म्हणते, डेल्मर दुसऱ्या वॉर्डात आहे, त्याची काळजी घेताहेत, तू आराम कर.

पण तो आज दुपारी येऊन गेला. डावीकडच्या खुर्चीत बसला. आवाज घोगरा, ओळखूच येईना. पाणी मागितलं. मी चाचपत पेला दिला. बोटं इतकी गार!

सिस्टरला मी हे लिहून दाखवलं. तिने वाचलं.  मग तिच्या बुटांचा आवाज दाराबाहेर गेला.

३० नोव्हेंबर

बाबा आले होते. माझा हात हातात घेऊन बसले. त्यांनी आजवर माझा हात धरला नव्हता.

डेल्मर गेला. त्याच दिवशी. आग विझवणारी माणसं वाऱ्याच्या बाजूने पाण्याचे फवारे मारत ओढ्याशी पोचली, तेव्हा तो माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. ओंजळ अजून भरलेली होती. श्वास नव्हता. दफनही झालं, आईच्या शेजारी. माझा घसा निवळेपर्यंत मला सांगू नका, असं डॉक्टर म्हणाले होते.

मग बाबा म्हणाले, "डब्यातलं पाणी मी काढलं होतं, पोरी. गोठून फुटेल म्हणून. सकाळी भरायचं राहिलं."

मी हात काढून घेतला नाही. पण दाबलाही नाही. रडले तर पट्टीखाली आग होते. तरी—

१ डिसेंबर

मग मंगळवारी दुपारी कोण होतं?

आज पुन्हा. खुर्ची सरकली. तोच वास, नाकात खिळा. तोच खोकला. म्हणाला, "आर्डी, पाणी."

मी घंटा दाबत राहिले. सिस्टर आली, तर खोलीत कोणी नाही. म्हणाली, खुर्चीवर हे पाणी कोणी सांडलं? गाळ पण आहे. ओढ्यातला असतो तसा.

४ डिसेंबर

रोज येतो. भीती वाटते. आणि तीन वाजत आले की वाट पाहते. दोन्ही खरं आहे.

तो गेलाय हे त्याला माहीत आहे. मी विचारलं. म्हणाला, हो गं, माहीत आहे. घसा मात्र जळायचा थांबत नाही. कितीही प्यायलो तरी—

पेला भरून ठेवते. रिकामा होतो.

८ डिसेंबर

उद्या पट्ट्या काढणार. उजवा डोळा वाचेल म्हणतात, डावा नाही.

त्याला सांगितलं. खुर्ची मागे सरकली. मग म्हणाला, मी इथे असताना उघडू नकोस. मला बघू नकोस.

मी म्हटलं, का?

खोकला. नुसता खोकला.

९ डिसेंबर

दिसतं. पिवळा पडदा. माझे हात. बाबांची टोपी, त्यांच्या मांडीवर. ते किती म्हातारे झालेत. डावीकडे काळोख, जणू तिकडे भिंतच बांधली.

डॉक्टर म्हणाले, धुतलं नसतं तर दोन्ही गेले असते. ज्याने धुतलं त्याने तुझा डोळा तुला दिला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पडद्याकडे.

१३ डिसेंबर

घरी. दारामागे दोन एप्रन. बाबांनी प्रत्येक खोलीत पाण्याची बादली ठेवलीय. जिन्यावरसुद्धा. 

दुपारी भांडी घासत होते. डाव्या खांद्यामागे खोकला.

इथेही.

तो फक्त डावीकडे उभा राहतो. जिथे मला दिसत नाही तिथे.

१५ डिसेंबर

बाबांनी विचारलं. बशीत बघत, हळूच. म्हणाले, "तो येतो ना तुझ्याकडे? तू बोलतेस, मला वर ऐकू येतं."

मी हो म्हटलं.

त्यांचा चेहरा— म्हणाले, माझ्याकडे नाही येत. मी शेडमध्ये बसतो, त्याची खुर्ची मांडून, बादली भरून. येत नाही. मग माझी बाही धरली, लहान मूल धरतं तशी. "विचार ना त्याला. माझ्यावर रागावलाय का?"

१६ डिसेंबर

विचारलं.

आधी नुसता श्वास. करवतीसारखा. मग म्हणाला, बाबांना सांग, राग नाही. पण जवळ गेलो तर ते माफी मागतील. ते माझ्याने ऐकवणार नाही.

बाबांना सांगितलं. त्यांनी टोपी घातली. बाहेर जाऊन थंड ट्रॅक्टरवर बसले. स्टिअरिंगवर डोकं टेकून. खिडकीतून दिसत होतं. हाक मारायचं धाडस झालं नाही.

१८ डिसेंबर

आवाज कमी होतोय त्याचा. वास वाढतोय. माझ्या उशीला, केसांना. डाव्या पापणीत पुन्हा आग. डॉक्टरांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, तिथे आता आग व्हायला काही उरलेलंच नाही—

तो आला की होते.

जा, असं म्हणायला हवं. म्हणवत नाही.

१९ डिसेंबर

ऊन आहे. स्वयंपाकघरात लिहितेय. बाबा गुरांकडे.

तो आहे. डावीकडे. अगदी खांद्याशी. बाहीवर थेंब पडताहेत—

म्हणतोय, आता येणं जमणार नाही. म्हणतोय, लग्नातला चेहरा राहू दे तुझ्याकडे, हा नको.

शवपेटी बंद करूनच पुरलं त्याला. बाबांनीही नाही पाहिलं. कोणीच नाही—



भीती वाटते. खूप. पण नवऱ्याला शेवटचं कोणीच बघायचं नाही, असं कसं?

मी म्हटलं त्याला. जसा असशील तसा.

नको म्हणतोय. आर्डी, नको, म्हणतोय. रडतोय तो.

मी मान वळवते. डेल्मर, हलू नकोस, मी बघते आहे, तू