कारीखोहातलं दगडफूल

॥ श्री ॥

लष्कर, ग्वाल्हेर
९ डिसेंबर १९५६

ती. दादासाहेबांस शालिनीचा शि. सा. न. वि. वि.

खुशालीचं कार्ड पोचलं. नव्या राजधानीत नळाला पाणी नाही आणि तुमच्या टेबलाला पाय तीनच आहेत, हे ऐकून आबासाहेबांना फार समाधान वाटलं. ग्वाल्हेरच्या कचेऱ्या उचलून भोपाळला नेणाऱ्यांना एवढी शिक्षा पुरे, मग त्यांत पोटचा लेक का असेना, असं ते म्हणाले. वहिनीसाहेबांना सांगा, त्यांच्या मागे घर अगदी शांत आहे. भांडायला मी एकटीच उरले, आणि दिवसभर मुलींना विज्ञान शिकवून इतकी दमते की हल्ली माझं माझ्याशीही पटतं.

आता कामाचं. रविवारी शाळेच्या मुलींना कारीखोहात नेलं होतं. आबासाहेब दरबारच्या शिकारखान्याचे दरोगा होते तेव्हा त्या दरीत कुऱ्हाड नेणाऱ्याला मुसक्या बांधून आणत, आठवतं ना? दरी राखली होती वाघासाठी. तोही जगावा म्हणून नव्हे, पाहुण्यांना मारता यावा म्हणून. पण त्या निमित्तानं, ज्यांना मारायला कोणीच येत नव्हतं तीही मंडळी वाचली. ओल्या दगडांतले नेचे, फांद्यांवरची आमरी, कुजक्या ओंडक्यांवरची अळंबी आणि खोडाखोडावर दगडफूल. शहराच्या धुराकडच्या झाडांवर त्याचा ठिपका दिसत नाही. खोहात झाडं करडे अंगरखे घालून उभी आहेत. बोटाच्या पेराएवढं वाढायला त्याला वर्षानुवर्षं लागतात, आणि माझ्यासारखंच ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

दरीच्या तोंडाशी मात्र तोडीसाठी चुन्याच्या खुणा केलेली झाडं दिसली. पटवारी म्हणाला, वन महकम्याला विचारा. महकमा म्हणाला, कागद भोपाळला गेले. कागदांबरोबर तुम्हीही गेलात, म्हणून लिहिते. वन खात्यातच बसला आहात, तर एवढी दरी राखीव करवून घ्या. आबासाहेबांना खुणांचं बोलले नाही. गुडघ्यांमुळे त्यांचं तिकडे जाणं सुटलं, पण खोहाची खुशाली ते नातवाच्या खुशालीसारखी विचारतात.

राग थोडा आणि माया पुष्कळ असू द्यावी.

आपली,
शालिनी

भोपाळ
६ जानेवारी १९५७

चि. शालिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

टेबलाला चौथा पाय आला. वरिष्ठांची मंजुरी घेऊनच आला.

तुझं म्हणणं साहेबांपुढे ठेवलं. माणूस भला आहे. त्यांनी विचारलं, दरीत वाघ आहे का. मी म्हटलं, आता नाही. साग आहे का? तोही नाही. मग राखायचं काय, असं त्यांनी अगदी सरळ मनानं विचारलं. इथे चार मुलखांचे जंगलकायदे एकाच कपाटात कोंबलेत. दगडावरच्या बुरशीला त्यात जागा नाही. राखीव करायचं तर उपयोग दाखवावा लागतो. जुनं आहे, दुर्मीळ आहे, हे उपयोगात धरत नाहीत. धरलं तर आपल्या आत्यासाहेबांनाही राखीव करावं लागेल. तेव्हा साहेबांना झटकन पटेल असा उपयोग कळव.

तुझ्या वहिनीचा काळा मसाला संपलाय. इथला मसाला भुशासारखा लागतो, असं ती रोज जेवताना सांगते आणि मी रोज मान डोलावतो.

आबासाहेबांस दंडवत. आठवण ठेवत जा.

तुझा,
जयसिंहराव

लष्कर
२० जानेवारी १९५७

ती. दादासाहेबांस शि. सा. न. वि. वि.

उपयोग पाहिजे ना? घ्या. बदली होऊन तिकडे निघालेल्या एका कारकुनाच्या हाती काळ्या मसाल्याचा डबा धाडते आहे. त्यात खोहातलं दगडफूल आहे. वादळात गळून पडलेलं तेवढंच वेचलं. आबासाहेबांचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच: वर्षाचा मसाला कांडताना लष्करातल्या मराठ्यांच्या घरांनी मूठभर न्यावं, पण पडलेलं, खोडाला नख लावायचं नाही.

साहेबांना जेवायला बोलवा. वहिनीसाहेबांच्या हातचा रस्सा वाढा, आणि हा वास कशाचा असं त्यांनी विचारलं की सांगा. जे कायद्याच्या पुस्तकात शिरत नाही ते पोटातून शिरेल. दगडफूल म्हणजे शेवाळ आणि बुरशी यांची भागीदारी, असं मी मुलींना शिकवते. त्या भागीदारीत मटण घेण्याची वेळ पहिल्यांदाच आली.

आबासाहेबांना ही युक्ती सांगितली. त्यांना ती आवडली नाही. खाणाऱ्याला राखण सांगू नये, एवढंच म्हणाले. म्हातारी माणसं अशीच बोलतात.

आमच्यावर कृपादृष्टी असू द्यावी, आणि रश्श्यावर साहेबांची.

आपली,
शालिनी

भोपाळ
२४ फेब्रुवारी १९५७

चि. शालिनीस अनेक आशीर्वाद.

पेढे वाट! साहेबांनी तीनदा रस्सा मागून घेतला आणि त्यांच्या बाईसाहेबांनी उरलेला मसाला डब्यासकट नेला. कारीखोह राखीव झालं. चुन्याच्या खुणा रद्द. तारेचं कुंपण, फाटक आणि रखवालदार, तिन्ही मंजूर.

साहेब तर आता दगडफुलाचे भक्तच झालेत. असला ऐवज नुसता झाडावर पडून राहावा याचं त्यांना वाईट वाटलं. चौकशी केली तेव्हा कळलं की कनौजच्या अत्तरवाल्यांनाही हा माल लागतो. म्हणून उपजेचा ठेका तुमच्याकडच्या दाल बाजारातल्या एका व्यापाऱ्याला देताहेत. राखणीचा खर्च निघेल. मला यात काही वावगं वाटलं नाही.

आबासाहेबांना सांग, सरकारनं त्यांच्या खोहाची दखल घेतली. माया आहेच, ती वाढावी.

तुझा,
जयसिंहराव

लष्कर
१२ मे १९५७

ती. दादासाहेबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचा रखवालदार रुजू झाला. त्यानं पहिल्यांदा मलाच अडवलं. जंगल राखीव आहे, परवानगी आणा म्हणाला. माझ्यादेखत ठेकेदाराची माणसं खुरपी आणि पोती घेऊन फाटकातून आत गेली. त्यांच्याकडे परवानगी होती. रखवालदार जेवायला बसल्यावर मी तारेखालून सरपटत शिरले. या वयात, नऊवारीत. कल्पना करून हसून घ्या, कारण पुढे हसण्यासारखं काही नाही.

खोडं सोललेल्या गुडघ्यांसारखी दिसतात. उंचावरचं काढायला फांद्याच पाडल्या. दगडही खरवडलेत. आमरी पायांखाली गेली, सावली गेल्यावर नेचे करपले, झऱ्याच्या जागी चिखल आहे. एक पाखरू बोललं नाही. मी तिथे उभी होते आणि मला माझाच श्वास मोठा वाटायला लागला.

साहेबांना हे वाक्य शब्दशः वाचून दाखवा: कारीखोहात आता राखण्यासारखं काहीही उरलेलं नाही. ठेका आज थांबवा. झाडं उभी राहिली, सावली टिकली, तर आपल्या पतवंडांच्या काळात काही परत येईल.

आबासाहेबांनी खुशाली विचारली. मी म्हटलं, दगडफूल यंदा छान आहे. त्यांनी चमकून विचारलं, यंदा म्हणजे काय, ते काय गव्हाचं पीक आहे? तेवढ्यात त्यांना खोकला आला म्हणून मी वाचले.

लोभाचं तुम्हीच ठरवा.

आपली,
शालिनी

भोपाळ
३० जून १९५७

चि. शालिनीस अनेक आशीर्वाद.

कसं लिहावं कळत नाही. तुझं वाक्य वाचून दाखवलं. साहेब गंभीर झाले आणि त्यांनी ठेका तिथल्या तिथे रद्द केला. मग ते वाक्य फायलीत चिकटवलं. राखण्यासारखं काहीही उरलेलं नाही, असं विज्ञानाच्या शिक्षिकेचंच म्हणणं आहे, तेव्हा दरी राखीव ठेवायला आधार राहत नाही, असा शेरा पडला. पाऊस सरला की लाकूडतोड. माझ्या बहिणीला असं म्हणायचं नव्हतं, हे मी सांगितलं. ते म्हणाले, वाक्य तर स्वच्छ आहे.

तुझं समाधान व्हावं म्हणून मी त्यांना खोहाच्या वरच्या घळीबद्दल सांगितलं. लहानपणी आबासाहेब आपल्याला खांद्यावर बसवून पाण्याच्या पडद्यामागे नेत, ती. साहेब लगेच सरसावून बसले. तिथे दगडफूल अजून आहे का? असल्यास घळ राखीव करू म्हणतात. महिन्याभरात लेखी कळव. रागावू नको.

तुझा,
जयसिंहराव

लष्कर
१४ जुलै १९५७

ती. दादासाहेबांस सा. न. वि. वि.

ती घळ आबासाहेब, तुम्ही आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक होती. आता सरकारला ठाऊक आहे.

दगडफूल आहे म्हणून लिहिलं तर पोती येतील. नाही म्हणून लिहिलं तर कुऱ्हाडी येतील. म्हणून काहीच लिहीत नाही. या विषयावर माझ्या हातून हे शेवटचं.

इकडे पाऊस बरा आहे. वहिनीसाहेबांची कंबर कशी आहे ते कळवावं.

आपली,
शालिनी

भोपाळ
२२ सप्टेंबर १९५७

चि. शालिनीस आशीर्वाद.

मुदतीत साहेबांकडे तुझं लेखी काहीच आलं नाही, तेव्हा स्थानिकांची हरकत नाही असं धरलं गेलं. चौदा ऑक्टोबरला साहेब स्वतः घळ पाहायला येताहेत. सोबत तोच व्यापारी आहे.

घळीची वाट नकाशात नाही, रखवालदाराला माहीत नाही आणि लहानपणी पाहिलेली मलाही आता धड आठवत नाही. म्हणून वाट दाखवण्यासाठी साहेबांनी आबासाहेबांना परस्पर सरकारी पत्र धाडलंय, जुन्या हुद्द्यासकट. मला उशिरा कळलं. आधी कळलं असतं तरी मी काय केलं असतं, ते मलाच माहीत नाही.

जीपमध्ये मीही असेन. दारात मला काही बोलू नकोस.

जयसिंहराव

लष्कर
५ ऑक्टोबर १९५७

ती. दादासाहेबांस शि. सा. न. वि. वि.

सरकारी पत्र आलं. संस्थान विलीन झाल्यापासून आबासाहेबांना कोणी कशासाठी बोलावलं नव्हतं. त्यांनी लखोटा आधी देवापुढे ठेवला, मग शेजारच्या शांताताईंना वाचून दाखवला. वाचताना उभे राहिले. साफा धुऊन वाळत घातलाय. गुडघ्यांना सकाळ-संध्याकाळ तेल लावून अंगणात फेऱ्या मारतात. जीप वर जाईल तिथवर बसून, पुढे काठी टेकत चालेन म्हणतात.

खोहात तोड सुरू झाली. लाकडाच्या गाड्या आपल्याच दारावरून जातात. हे लाकूड कुठलं, असं त्यांनी विचारलं. मी शिवपुरीकडचं म्हणून सांगितलं. ते गाडी दिसेनाशी होईपर्यंत फाटकात उभे होते. मग आत येऊन पुन्हा फेऱ्या मारायला लागले.

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण तेच बोलायला लागले. खोहातून जाताना गाडी थांबवून साहेबांना दाखवणार आहेत म्हणे, की पाहा, माझ्या अमलात इथे एका फांदीला धक्का लागला नाही.

घळीला दुसरी वाट नाही, दादासाहेब. ती खोहातूनच जाते.

त्या दिवशी ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसतील, मान ताठ करून. तुम्ही मागे असाल. खोहाचं वळण येण्याआधी कोणीतरी त्यांना सांगायला हवं. मला जमलं नाही. मी त्यांना हात धरून जीपपर्यंत आणून सोडीन.

वहिनीसाहेबांस नमस्कार. धाकट्या बहिणीला अंतर देऊ नये.

आपली,
शालिनी